वीरपत्नींना दान नको, हक्क हवा

दरवर्षी ७ डिसेंबरचा दिवस जवळ आला की सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या गावातही एक लहानसा कागदी ध्वज येऊन पोहोचतो. शाळेतील मुले घरून आणलेले पाच-दहा रुपये गुरुजींच्या हाती देतात, कर्मचारी आपल्या पगारातून ठरलेली रक्कम देतात, जिल्ह्याला नेमून दिलेल्या उद्दिष्टाचे आकडे तालुक्याकडून वर कळविले जातात, आणि उद्दिष्टाहून अधिक निधी जमविणाऱ्या जिल्ह्याचा समारंभपूर्वक गौरव होतो. १९४९ पासून ही प्रथा अखंड चालू आहे. देशासाठी पडलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी, अपंग झालेल्या जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी जनतेने आपल्या घासातला घास काढून द्यावा, हा या दिवसामागील हेतू. ज्या वऱ्हाडात कापसाचा भाव आणि पावसाचा लहरीपणा यांच्या कात्रीत शेतकरी वर्षानुवर्षे सापडलेला आहे, त्या वऱ्हाडातील माणूसही या दिवशी हात आखडता घेत नाही. त्याच्या या दातृत्वाबद्दल आमच्या मनात आदरच आहे.

परंतु दात्याचा आदर करणे वेगळे आणि दानावर राज्यकारभार चालविणे वेगळे. सीमेवर प्राण देणाऱ्या माणसाच्या पत्नीला, मुलांना आणि वृद्ध आईबापांना जगविण्याची जबाबदारी कोणाची? ज्या राज्याने त्याला बंदूक देऊन सीमेवर उभे केले त्या राज्याची, की ध्वज विकत घेणाऱ्या शाळकरी मुलाची? हा प्रश्न कोणी विचारला की त्याला सैनिकांचा अवमान ठरविण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. आम्ही तो सैनिकांच्याच बाजूने विचारीत आहोत.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात, १८५४ मध्ये, इंग्लंडमध्ये राणीच्या नावाने ‘पॅट्रियॉटिक फंड’ उभा राहिला. सैनिकांच्या विधवा आणि अनाथ मुले यांना त्यातून मदत दिली जाई. पण मदत मागणारी बाई ‘सद्वर्तनी’ आहे की नाही, याची चौकशी फंडाचे व्यवस्थापक करीत आणि तिचे वर्तन त्यांच्या पसंतीस न उतरल्यास मदत बंद होई. अधिकाऱ्यांच्या विधवांसाठी निवृत्तिवेतनाची सोय त्या देशात अठराव्या शतकापासून होती. साध्या शिपायाच्या विधवेला मात्र सरकारी निवृत्तिवेतनासाठी विसावे शतक उजाडेपर्यंत थांबावे लागले. अधिकाऱ्याच्या घराला वेतन आणि शिपायाच्या घराला भिक्षा, असा तो वर्गन्याय होता. त्याच साम्राज्याच्या सैन्यात आपल्याकडील हजारो तरुण भरती झाले. पहिल्या महायुद्धात ७४,००० हून अधिक भारतीय सैनिक कामी आले. सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्यांत होते. गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद मिळाले. त्या ४६ घरांतील चुली पुढे कशा पेटल्या, याची नोंद मात्र कोणत्याही स्मारकशिलेवर नाही.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पुष्कळ बदलले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७१ च्या युद्धानंतर निवृत्तिवेतनाचे आणि मुलांच्या शिक्षणाचे विशेष निर्णय झाले. १९७२ मध्ये मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना उभी केली आणि या स्त्रियांना एकत्र बोलण्याचे एक स्थान मिळाले. आज शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना पडलेल्या नियमित सैनिकाच्या पत्नीला त्याच्या अखेरच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे ओढवलेल्या अन्य मृत्यूत हे प्रमाण साठ टक्के, आणि सेवेशी संबंध नसलेल्या मृत्यूत सर्वसाधारण दराने तीस टक्के राहते. केंद्र सरकारचे सानुग्रह अनुदान सातव्या वेतन आयोगानंतर प्रसंगानुसार २५ लाखांपासून ४५ लाखांपर्यंत आहे. विशेष म्हणजे हे अनुदान हुद्द्यावर अवलंबून नाही. कर्नलच्या घरी जेवढी रक्कम जाते तेवढीच शिपायाच्या घरी जाते. मृत्यूपुढे हुद्दा नसतो हे तत्त्व राज्याने येथे मान्य केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मग हेच तत्त्व इतरत्र का पाळले जात नाही?

प्रथम अधिकाऱ्यांच्या कुटुंबांचाच विचार करू. कारण ‘साहेबांच्या घरी काय कमी’ असा एक समज आपल्यात रूढ आहे. मेजर अनुज सूद २ मे २०२० रोजी काश्मीरमधील हंदवाडा येथे अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांच्या कुटुंबाचे वास्तव्य पुण्यात होते. महाराष्ट्र शासनाच्या धोरणानुसार मिळणाऱ्या लाभांसाठी त्यांच्या पत्नीने अर्ज केला, तेव्हा मेजर सूद यांचा जन्म महाराष्ट्रातला नाही आणि सलग १५ वर्षांचे वास्तव्यही नाही, या कारणावरून तो नाकारण्यात आला. ज्या माणसाचे अर्धे आयुष्य वडिलांच्या आणि उरलेले स्वतःच्या बदल्यांत गेले, त्याच्याकडे सलग वास्तव्याचा पुरावा मागणारा नियम करणाऱ्यांनी सैनिकी जीवन कधी जवळून पाहिले होते काय? त्या पत्नीला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने शासनाला परखड शब्दांत समज दिल्यानंतर, २०२४ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ चार वर्षांनी, शासनाने ‘विशेष बाब’ म्हणून एक कोटी रुपये आणि दरमहा ९,००० रुपये देण्याचे मान्य केले.

‘विशेष बाब’ या दोन शब्दांपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. नियमाने मिळते तो हक्क होय, आणि विशेष बाब म्हणून मिळते ते दान होय, मग ते सरकारी तिजोरीतून का येईना. ज्या कुटुंबाजवळ शिक्षण आहे, वकील आहे, वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य आहे, त्याला विशेष बाब होता येते. हिवरखेडच्या एखाद्या शिपायाच्या घरातील बाई विशेष बाब कशी होणार? ती फक्त प्रलंबित बाब होते.

अधिकाऱ्यांच्या पत्नींनी दानाची वाट पाहिली नाही, याचीही उदाहरणे आपल्यासमोर आहेत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले. त्यांच्या शिक्षिका असलेल्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयोमर्यादेची अट शिथिल करून घेतली, चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतील खडतर शिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सैन्यात अधिकारी झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझ भागात पडलेले मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे याही पुढे त्याच वाटेने गेल्या. या स्त्रियांचे धैर्य वंदनीय आहे. पण त्यांच्या धैर्याचा दाखला देऊन राज्याने आपले उत्तरदायित्व विसरू नये. प्रत्येक वीरपत्नीने असामान्य असावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. सामान्य राहून, आपल्या मुलांना वाढवून, सन्मानाने जगण्याचा अधिकार तिला असला पाहिजे.

आता दानाच्या राजकारणाचा दुसरा पैलू पाहा. १९७१ च्या युद्धानंतर पडलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च सरकारने उचलण्यास प्रारंभ केला होता. साडेचार दशकांनंतर, २०१७ मध्ये, या सवलतीवर दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. सुमारे ३,४०० मुलांना तिचा फटका बसणार होता आणि सरकारचे वाचणार होते वर्षाला अवघे तीन-सव्वातीन कोटी रुपये. नौदलाच्या प्रमुखांना संरक्षणमंत्र्यांकडे पत्र लिहावे लागले, देशभर टीका झाली, तेव्हा मार्च २०१८ मध्ये ही मर्यादा मागे घेतली गेली. त्या एका वर्षातही ७ डिसेंबर आला होता. शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांतून एकीकडे निधी गोळा होत होता, आणि दुसरीकडे त्याच वयाच्या, पितृछत्र हरपलेल्या मुलांच्या शुल्कात काटकसर चालली होती. दान वाढवा आणि हक्क कमी करा, असे हे धोरण उघड शब्दांत कोणी मांडणार नाही. परंतु हिशेबाच्या वहीत ते स्वच्छ दिसते.

दान प्रसिद्धीच्या मागे जाते, हाही अनुभव आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड हे दोघे होते. देश हळहळला आणि दानाचा पूर लोटला. ‘भारत के वीर’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेत एका कुटुंबाच्या खात्यावर १५ लाखांपेक्षा अधिक दान जाऊ नये, अशी मर्यादा ठेवलेली आहे. एका घरी ओघ आणि दुसऱ्या घरी थेंबही नाही, असे होऊ नये म्हणूनच ती ठेवावी लागली. ज्याच्या मृत्यूच्या दिवशी वर्तमानपत्रात दुसरी मोठी बातमी असेल, त्याची पत्नी दात्यांच्या स्मरणात राहत नाही. निवृत्तिवेतनाला मात्र बातमी लागत नाही. ते महिन्याच्या महिन्याला येते. या दोहोंतील अंतर ज्याला कळले, त्याला आमचे म्हणणे कळले.

दुर्दैवाने ज्या दिशेने जायला हवे तिच्या नेमक्या उलट दिशेला आपण वळलो आहोत. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांपैकी एकालाच कायम सेवेची संधी, आणि या चार वर्षांना निवृत्तिवेतन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनच्या बर्फात कर्तव्यावर असताना मृत्यू पावला. रणभूमीवर प्राण देणारा तो पहिला अग्निवीर ठरला. कुटुंबाला काय मिळणार यावर वाद झाला, तेव्हा सैन्याने तपशील प्रसिद्ध केला. ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या सेवाकाळाचे १३ लाखांहून अधिक वेतन, युद्धहतांच्या निधीतून ८ लाख, आणि सेवानिधीचा हिस्सा. बेरीज एक कोटीच्या वर जाते. तेव्हा तक्रार कशाची, असे विचारले गेले.

तक्रार रकमेची नाही, तिच्या स्वरूपाची आहे. एकरकमी पैसा म्हणजे घराला आधार आणि घरात कलह, या दोन्ही गोष्टी होऊ शकतात. त्यावर नातेवाइकांची नजर असते, गुंतवणुकीचे गोड प्रलोभन दाखविणारे दलाल असतात, सावकाराचे जुने येणे असते. महागाई तो दरवर्षी कुरतडते. निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते आणि आईबापांच्या अखेरच्या श्वासापर्यंत पुरते. एकाच खंदकात, एकाच गोळीने दोन जवान पडावेत, एकाच्या घरी आयुष्यभर वेतन जावे आणि दुसऱ्याच्या घरी एकदाच धनादेश, हा भेद कोणत्या न्यायात बसतो? संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही २०२४ मध्ये अग्निवीरांच्या कुटुंबांना नियमित सैनिकांच्या कुटुंबांप्रमाणे लाभ द्यावेत, अशी शिफारस केली. मे २०२५ मध्ये पूंछ भागात पडलेल्या, मुंबईच्या घाटकोपरमध्ये वाढलेल्या मुरली नाईक या अग्निवीराच्या आईने याच मागणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मेजरची पत्नी न्यायालयात, अग्निवीराची आईही न्यायालयात. हुतात्म्यांच्या घरच्या स्त्रियांना न्यायालयाची पायरी चढावी लागणे, हे काही आपल्या लोकशाहीचे भूषण नव्हे.

या विषयाचा गाभा अखेर स्त्रीच्या स्थानाशी येऊन भिडतो. शौर्यपदकासोबत मिळणारा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. मात्र तिने दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केला तर तो चालू राही! हा नियम मध्ययुगातला नव्हे, स्वतंत्र भारताच्या संरक्षण खात्याचा होता आणि तो नोव्हेंबर २०१७ पर्यंत जिवंत होता. विधवेने कोणाशी संसार करावा हे तिच्या दिवंगत पतीच्या पदकाने ठरवावे, यातील विचार आणि क्रिमियाच्या फंडातील ‘सद्वर्तना’ची चौकशी यांत कितीसे अंतर आहे? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. अंत्ययात्रेच्या दिवशी जिला आपण वीरपत्नी म्हणून वंदन करतो, तिलाच वर्षभराने हळदीकुंकवाच्या दारातून परत पाठवतो. गावाने प्रथम हे ढोंग सोडले पाहिजे. तिचे आईबाप, सासूसासरे आणि ती स्वतः यांच्यात मदतीची वाटणी कशी व्हावी, याचे स्पष्ट, न्याय्य नियम करणे सरकारचे काम आहे. ती वाटणी माजघरातील भांडणावर सोडणे हे क्रौर्य आहे.

हुतात्म्यांच्या नावाचा व्यापार करणारेही आपल्याच राज्यात निपजले. मुंबईच्या कुलाब्यातील ३१ मजली ‘आदर्श’ इमारतीच्या प्रकरणात कारगिलच्या वीरपत्नींचे नाव सर्वतोमुखी झाले. ती जमीन त्यांच्यासाठी राखीव नव्हतीच, असा निष्कर्ष पुढे चौकशी आयोगाने काढला. पण तेवढ्याने मनातील सल जात नाही. समुद्राकाठच्या त्या मोक्याच्या जागेत राजकारण्यांच्या आप्तांना, सनदी अधिकाऱ्यांना आणि बड्या सेनाधिकाऱ्यांना घर सापडले. २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. दानाला, सवलतीला आणि विशेष बाबीला नियमांची चौकट नसली की तिचा लाभ अखेर कोणाकडे वाहत जातो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता पुन्हा हिवरखेडला येऊ. येथील जवानाच्या पत्नीला कागद मिळवायचे तर तालुका तेल्हाऱ्याला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अकोल्याला, अभिलेख कार्यालय पलटणीप्रमाणे सागरला, कामठीला किंवा बेळगावला, आणि निवृत्तिवेतनाचा निर्णय प्रयागराजला. हिवरखेडवरून जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज गाडी २०१७ च्या प्रारंभीच बंद पडली. आता दरवर्षीचा हयातीचा दाखलाही ‘स्पर्श’ नावाच्या संगणक प्रणालीत भरावयाचा असतो. नावातील एका अक्षराचा फरक, जन्मतारखेतील एक चूक, आणि महिनोन्महिने खेटे. मृत्यू ‘सेवेमुळे’ झाला की नाही हे दूरच्या कार्यालयातील अधिकारी ठरवितो, आणि त्या एका शेऱ्यावर साठ टक्के की तीस टक्के हे अवलंबून राहते.

वऱ्हाडातील माणसाला हा शेरा अनोळखी नाही. त्याच गावात, कदाचित त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत, कर्जाने खचून जीव दिलेल्या शेतकऱ्याची पत्नी असते. तिच्यासाठी २००६ पासून शासनाने एक लाख रुपयांचे साहाय्य ठेवले. आणि तिच्याही पतीच्या मृत्यूवर एक समिती ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का मारते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये जवान आणि किसान यांचा जयजयकार एका दमात केला, तो उगाच नव्हे. हे दोघे सख्खे भाऊ असतात. धाकट्याने सीमेवर जावे कारण थोरल्याच्या शेतात दोघांचे पोट भरत नाही. म्हणून जवानाच्या विधवेला शेतकऱ्याच्या विधवेविरुद्ध उभे करण्याचा डाव कोणी खेळू नये. दोघींची मागणी एकच आहे: आमच्या माणसाच्या मरणाची परीक्षा घेऊ नका, आमच्या जगण्याची हमी द्या.

यासाठी आमच्या मागण्या साध्या आहेत. अग्निवीर आणि नियमित सैनिक यांच्या कुटुंबांत मृत्यूनंतर कोणताही भेद राहू नये. स्थायी समितीची शिफारस सरकारने स्वीकारावी. महाराष्ट्र शासनाने सैनिकांसाठी जन्म आणि सलग वास्तव्य यांची अट काढून, कुटुंब येथे राहते एवढी एकच कसोटी ठेवावी आणि निर्णयाला मुदत घालावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने महिन्यातून एक ठरलेला दिवस तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसून वीरपत्नींचे कागद पुरे करून द्यावेत. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही अशा ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना ध्वजनिधीतून मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये झाले, हे चांगले झाले; पण म्हाताऱ्या विधवेची भाकर ध्वजविक्रीवर न ठेवता ती अर्थसंकल्पातून द्यावी. आणि ध्वजनिधीचा हिशेब तालुकावार प्रसिद्ध व्हावा. किती जमले एवढेच नव्हे, तर आपल्या तालुक्यातील किती घरांपर्यंत काय पोहोचले, हे ज्या शाळेने पैसे दिले तिच्या फळ्यावर लिहिले जावे.

दान करणाऱ्यांनी ते थांबवावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. शेजाऱ्याच्या दुःखात हात पुढे करणे हा आपल्या मातीचा धर्म आहे, आणि सरकारी मदत येईपर्यंतचे तेरा दिवस शेजारीच निभावून नेतात. पण तो हात राज्याच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. येत्या ७ डिसेंबरला हिवरखेडच्या मुलांनी ध्वज जरूर घ्यावा. फक्त त्यांच्या गुरुजींनी त्यांना एवढे सांगावे की, हा ध्वज आपण कोणावर उपकार म्हणून घेतलेला नाही. ज्यांचे आपण देणे लागतो त्यांचे देणे सरकारने वेळेवर फेडावे, याची आठवण म्हणून छातीवर लावला आहे.